विहीर बुजवायची की राखायची? पिण्याच्या पाण्यावरून आमच्या गावातला वाद

लाल माती (धागाकर्ता)

बेळगावहून जांभोटीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आमचे गाव आहे. गावाच्या मधोमध चिऱ्याने बांधलेली गोड्या पाण्याची विहीर आहे आणि माझ्या आजीच्या पिढीपासून सारा गाव तिचेच पाणी पीत आला. चार वर्षांपूर्वी गावात ‘शुद्ध कुडियुव नीरिन घटक’ बसला, म्हणजे पाच रुपयांचे नाणे टाकले की २० लिटर पाणी देणारा आरओचा यंत्रसंच, जो दाबाने बारीक पडद्यातून पाणी गाळून त्यातले क्षार काढतो. तेव्हापासून विहिरीवरची वर्दळ आटली, काठावर गवत वाढले आणि आता तरुण मंडळाने असा ठराव मांडला आहे की विहीर बुजवून तिथे गणपतीसाठी कायमचा कट्टा बांधावा, कारण ‘अशुद्ध पाण्याची आता गावाला गरज नाही’.

माझा या ठरावाला विरोध आहे आणि त्याचे कारण केवळ भावनिक नाही. क्षार मोजण्याचा टीडीएस मीटर मी विकत आणला. विहिरीच्या पाण्याचा आकडा ४६ आला, घटक ज्या बोअरवर चालतो तिचा ११८ आला आणि घटकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा १४. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने, म्हणजे आयएस १०५०० ने, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे विद्राव्य क्षार स्वीकारार्ह धरले आहेत आणि दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत सूट दिली आहे. म्हणजे मुळात अळणी असलेल्या आमटीतले मीठ काढण्यासाठी आम्ही वीज जाळतो आणि गाळलेल्या प्रत्येक घागरीमागे घागरभराहून जास्त पाणी गटारात सोडतो.

मंडळाच्या पोरांच्या मनात विहिरीविषयी किळस कशी बसली, तेही सांगतो. घरगुती यंत्रे विकणारा एक जण गेल्या वर्षी देवळात आला होता. त्याने दोन पेल्यांत दोन पाणी घेतले, एक विहिरीचे आणि एक आरओचे, आणि दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या. मिनिटाभरात विहिरीच्या पाण्यावर तपकिरी, शेवाळासारखा गाळ तरंगू लागला आणि दुसरा पेला जवळजवळ तसाच राहिला. बायका ‘अगं बाई, हेच का आपण पीत होतो’ म्हणत उठल्या. मी पुढे त्या प्रयोगाचा छडा लावला, तेव्हा कळले की तो गाळ पाण्यातला नव्हताच, तो कांडीच्या लोखंडाचा गंज होता. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजते, क्षार नसले की वीज फारशी वाहत नाही आणि पेला स्वच्छ दिसतो. आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकले असते तर तोही तितकाच घाण दिसला असता.

ग्रामसभा पुढच्या पंधरवड्यात आहे. आपल्या भागातल्या जाणकारांनी दोन्ही बाजूंनी लिहावे, ही विनंती.

कृष्णाकाठ

तुमचे ४६ आणि ११८ हे आकडे वाचून हेवा वाटला आणि ‘अळणी आमटी’ वाचून थोडा रागही आला. मी अथणी तालुक्यातला. आमच्या मळ्यातल्या बोअरचा आकडा १८४० आहे. त्या पाण्यात तुरीची डाळ दोन तास शिजवली तरी दाणा दाताखाली येतो, म्हणून आमच्याकडे सोडा घातल्याशिवाय आमटी होत नाही. साबणाला फेस येत नाही. शाळेत शिकवलेले ‘दुष्फेन पाणी’ आम्ही पुस्तकात वाचण्याआधी न्हाणीघरात शिकलो. बंबाच्या आत बोटभर जाडीची पांढरी खळ धरते आणि ती दरवर्षी छिन्नीने काढावी लागते.

लोक आम्हाला सांगतात की पाणी उकळून प्या. उकळल्याने जंतू मरतात आणि कडकपणाचा बायकार्बोनेटमुळे आलेला भाग खाली बसतो, हे खरे. पण सल्फेट आणि क्लोराइडचा कडकपणा उकळून जात नाही. उसाला दिलेल्या युरियातून जमिनीखाली उतरलेले नायट्रेट जात नाही आणि फ्लोराइडही जात नाही. उलट पाणी आटले की ते अधिक दाट होतात. मानकात नायट्रेटला लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ती ओलांडलेले पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाला घातक ठरू शकते, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. फ्लोराइड १.५ च्या पुढे वर्षानुवर्षे पोटात गेले तर आधी दातांवर डाग येतात आणि पुढे हाडे व सांधे धरतात. आमच्यासारख्यांना आरओ ही चैन नाही, गरज आहे.

त्यामुळे तुमच्या विहिरीबद्दल माझे काही म्हणणे नाही, पण ‘आरओ म्हणजे फसवणूक’ असा सूर लागला तर तो आमच्याकडच्या माणसाला महागात पडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली जे निर्देश दिले, त्यांतही टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथेच आरओला मनाई करावी, असे म्हटले होते. एकाच जिल्ह्यात तुम्ही त्या रेषेच्या अलीकडे आणि आम्ही पलीकडे आहोत. तुमच्याकडे सह्याद्रीचा पाऊस जांभ्यातून धुऊन जातो, आमच्याकडे कमी पाऊस काळ्या मातीत मुरतो आणि खडकाचे व खताचे सारे घेऊन बोअरमध्ये उतरतो.

दोन लेकरांची आई

लाल माती भाऊजी, मी तुमच्या शेजारच्याच गावात सून म्हणून आले आहे आणि तुमचा मुद्दा मला मुळीच पटलेला नाही. तुम्ही मीटर घेऊन क्षार मोजलेत, पण तुमच्या मीटरला कावीळ दिसते का? तीन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या धाकट्याला कावीळ झाली. लघवी गर्द पिवळी, डोळे हळदीसारखे, आणि सात वर्षांचे पोर महिनाभर अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘पाणी कुठले पिता’ हाच. आम्ही विहिरीचेच पीत होतो, तुमच्यासारखीच चिऱ्याची, तुमच्यासारखीच गोड. त्या पावसाळ्यात आमच्या आळीत आणखी चार मुलांना कावीळ झाली.

पाणी चवीला गोड आहे, आजीच्या काळापासून पितो आहोत, हे मला सासूबाईही ऐकवतात. आजीच्या काळात आळीत एकही संडास नव्हता आणि आता प्रत्येक घरामागे शोषखड्डा आहे. आमच्या विहिरीपासून सर्वांत जवळचा खड्डा मी पावलांनी मोजला, तो अकरा पावलांवर आहे. घटकाचे पाणी आणायला मला दररोज अर्धा किलोमीटर चालावे लागते आणि तरीही मी चालते. विहीर उघडी राहिली की घाईच्या वेळी कुणीतरी त्यात पोहरा टाकणारच. म्हणून बुजवलेली बरी.

कुपीवाला

माझी सगळी नोकरी पाणी तपासण्याच्या कामात झाली आणि आता निवृत्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. वरचे तिघेही खरे बोलत आहेत आणि तरी एकमेकांना उत्तर देत नाहीत, कारण ‘शुद्ध’ हा एकच शब्द तिघे तीन अर्थांनी वापरत आहेत.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. त्यात चांगला कॅल्शियमही येतो आणि वाईट नायट्रेटही येते, पण कुठले किती ते कळत नाही. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचा एक थेंब विहिरीच्या तांब्याभर पाण्यात टाका, आकडा ४६ चा फार तर ४७ होईल. म्हणून सूनबाईंचा प्रश्न योग्य आहे आणि धागाकर्त्याचा आकडा खरा असूनही त्या प्रश्नाचे उत्तर नाही.

जांभ्याच्या प्रदेशातले पाणी सहसा हलके, किंचित आम्लधर्मी, कधी लोहामुळे तांबूस आणि क्षारांनी गरीब असते. चवीला ते उत्तम लागते. पण जांभा सच्छिद्र असतो. काळ्या चिकणमातीत पाणी हळूहळू मुरते आणि वाटेत थोडेफार गाळले जाते, जांभ्याच्या भेगांतून मात्र पहिल्या दमदार पावसात शोषखड्ड्यातले पाणी थेट विहिरीत येऊ शकते. म्हणजे जो खडक तुम्हाला क्षारांपासून वाचवतो, तोच तुम्हाला जंतूंच्या तोंडी देतो. तुमच्या पाण्याचा दोष जैविक आहे, कृष्णाकाठ यांच्या पाण्याचा रासायनिक, आणि दोन्ही दोषांवर एकच औषध देणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

जंतूंसाठी आरओच लागतो असे नाही. खळखळून एक मिनिट उकळलेले पाणी सुरक्षित असते. क्लोरीन स्वस्त आहे आणि त्याचा एक गुण दुसऱ्या कशातही नाही, तो म्हणजे पाण्यात थोडा शिल्लक राहून तो पुढेही राखण करतो. म्हणूनच नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे मानक सांगते. अतिनील दिव्याचे, म्हणजे यूव्हीचे यंत्र जंतू निकामी करते, पण पाणी गढूळ असेल तर कणांच्या सावलीत जंतू वाचतात. यूएफची, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची चाळणी जिवाणू अडवते, क्षार तसेच राहू देते आणि काही प्रकारांत विजेशिवाय चालते. तुमच्या ४६ टीडीएसच्या पाण्याला खरे तर हे पुरेसे आहे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जिवाणू कमी होतात हेही खरे आहे, पण सूनबाईंच्या घरात कावीळ झालेली असताना मी तेवढ्यावर विसंबणार नाही.

आरओ पाण्याने हाडे ठिसूळ होतात, अशी भीती घालणारेही आता निघाले आहेत. खनिजे आपल्याला मुख्यतः भाकरी, भाजी आणि दुधातून मिळतात, त्यामुळे त्या भीतीत फार दम नाही. बाटलीतल्या ‘अल्कलाइन’ पाण्याबद्दल मात्र एवढेच सांगतो की ते पोटात गेल्यावर जठरातल्या आम्लाला भेटते आणि तिथेच त्याचे अल्कलाइनपण संपते.

लाल माती, तुम्ही एक काम करा. हायड्रोजन सल्फाइड तपासणीची कुपी मिळवा. तिच्यात खुणेपर्यंत विहिरीचे पाणी भरा, झाकण लावा आणि घरातल्या कपाटात दोन दिवस ठेवा. पाणी काळे झाले तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता आहे असे समजा. आणि एक कुपी घटकाच्या पाण्याचीही भरा, पण ती यंत्राच्या तोटीतून नको, घरी ठेवलेल्या कॅनमधून भरा.

पाच रुपये

मी एका गावातला असाच घटक चालवतो, त्यामुळे माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकतो. कुपीवाले काका, तुमच्या शेवटच्या वाक्यातला टोला समजला आणि तो मी नाकारत नाही. यंत्रातून पाणी बाहेर पडते तेव्हा चांगलेच असते, पण त्यात क्लोरीन नसतो, त्यामुळे पुढे त्याची राखण करणारे काही उरत नाही. लोक जे कॅन आणतात त्यांच्या तोंडातून हात आत जात नाही, म्हणून ते कधी घासले जात नाहीत. परवा मी एका कॅनमध्ये बोट घालून आतून फिरवले, तर ते बुळबुळीत लागले आणि बोटाला हिरवट साका आला. त्या गृहस्थांना सांगितले तर म्हणाले, आत फिल्टरचेच पाणी असते की, मग धुवायचे कशाला?

पण माझा प्रश्न वेगळा आहे. विहीर राखायची म्हणजे कुणी राखायची? घटकाला निदान एक माणूस असतो, त्याला थोडा पगार असतो, बिघाड झाला तर लोक त्याच्या दारात येऊन बोलतात. मेम्ब्रेन, म्हणजे यंत्रातला गाळणारा पडदा, उशिरा बदलले तर मलाच शिव्या बसतात आणि त्या बसायलाच हव्यात. विहिरीत ब्लीचिंग पावडर कधी पडली आणि किती पडली, याचा हिशेब तुमच्या गावात शेवटचा कुणी ठेवला होता? ज्या पाण्याला धनी नाही ते पाणी मी माझ्या मुलांना देणार नाही, मग त्याचा आकडा ४६ असो की १४.

जाता जाता आणखी एक गोष्ट. लोक माझ्या पाण्याला ‘मिनरल’ म्हणतात आणि मी प्रत्येक वेळी दुरुस्त करतो. नैसर्गिक मिनरल वॉटरला आयएस १३४२८ हे वेगळे मानक आहे. ते झऱ्यातून किंवा भूगर्भातल्या स्रोतातून तिथेच भरायचे असते आणि त्यातली खनिजे बदलायची नसतात. बसस्टँडवर मिळणारी बहुतेक बाटली ही प्रक्रिया केलेल्या पाण्याची, म्हणजे आयएस १४५४३ ची असते. माझे पाणी या दोन्हींत बसत नाही, कारण मी ते सीलबंद करत नाही. लग्नकार्यात येणारे ते गार पाण्याचे सुटे कॅनही याच वर्गातले, हे विसरू नका.

शहापूरकर

शहरातला असलो तरी विषय आमचाही आहे. बेळगावला पाणी मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपहून आणि घटप्रभेवरच्या हिडकलहून येते. ते शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालून निघते, त्यामुळे निघताना त्याबद्दल तक्रार नसते. पण आमच्या गल्लीत ते ठरावीक दिवशी ठरावीक तास येते आणि मधल्या काळात नळी रिकामी असते. रिकाम्या नळीत बाहेरचे पाणी झिरपते. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी या शहरांतल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा हुबळी-धारवाडमध्ये दोन्ही प्रकारच्या नळांचे नमुने तपासण्यात आले होते आणि खंडित पुरवठ्याच्या नळांत जंतू कितीतरी अधिक वेळा सापडले, विशेषतः नळ सुरू झाल्याबरोबर येणाऱ्या पहिल्या पाण्यात. आमची आई पहिल्या दोन बादल्या झाडांना घालायची. तिने कुठलाही अहवाल वाचला नव्हता.

विहीर बुजवण्याला माझा विरोध आहे, पण तो पिण्याच्या पाण्यापुरता नाही. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदली, ज्याचे अध्यक्ष महात्मा गांधी होते. शंभर वर्षे होऊन गेली तरी ती आहे. विहीर खोदायला किती माणसे आणि किती दिवस लागतात आणि बुजवायला ट्रॅक्टरच्या किती खेपा लागतात, याचा हिशेब तरुण मंडळाने एकदा करावा. धुण्याभांड्यांना, गुरांना, आग लागली तर विझवायला पाणी लागतेच. उन्हाळ्यात वीज गेली की घटक बंद आणि विहिरीचा रहाट चालू, हे तर मी माझ्या मामाच्या गावी डोळ्यांनी पाहिले आहे.

लाल माती

उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण कुप्या मिळवायला चार दिवस गेले आणि पुढचे दोन दिवस कपाटाकडे बघण्यात गेले. तीन कुप्या भरल्या होत्या. विहिरीच्या पाण्याची कुपी दुसऱ्या दिवशी दुपारी शाईसारखी काळी झाली. घटकाच्या तोटीतून भरलेली तशीच राहिली. आमच्याच घरातल्या कॅनमधून भरलेली तिसऱ्या दिवशी सकाळी काळपट दिसली. ती बघून आमच्या घरातले वातावरण दोन दिवस गंभीर होते, कारण तो कॅन भरून आणण्याची जबाबदारी माझी आहे आणि तो कधीही न धुण्याची जबाबदारीही माझीच निघाली.

वहिनी, तुमच्या मुलाबद्दल वाचले तेव्हाच मी उत्तर द्यायला हवे होते. माझ्या पहिल्या लेखात क्षार होते आणि जंतू नव्हते. आमच्या विहिरीपासूनचा शोषखड्डाही मोजला, नऊ पावले. म्हणजे तुमच्याहूनही वाईट. ग्रामसभेत आता मी ‘विहिरीचे पाणी शुद्ध आहे’ असे म्हणणार नाही.

पण बुजवू नये, हे मत कायम आहे. कुपीवाल्या काकांशी फोनवर बोलून हिशेब मांडला. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि सध्याचे पाणी ४ मीटर धरले तर साधारण २८ हजार लिटर पाणी होते. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर या मानाने एका वेळेला ७० ग्रॅम लागते. ती आधी बादलीत कालवायची, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी पोहऱ्याने खोल सोडून हलवायचे आणि निदान तासभर कुणी पाणी काढायचे नाही. मग तपासणीच्या थेंबांनी पिवळा रंग येतो का ते बघायचे, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे हे कळते. पावडर जुनी आणि उघडी राहिलेली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि आपण नुसता चुना टाकत राहतो, हे मला नवे होते. नऊ पावलांवरचा खड्डा हलवावा लागेल आणि तो माझ्या चुलत्याच्या घराचा आहे, त्यामुळे ही गोष्ट ब्लीचिंगपेक्षा अवघड जाणार आहे.

पाच रुपये यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून, हे काम पावसाळ्याचे चार महिने दर आठवड्याला मी करीन आणि विहिरीच्या कट्ट्यावर टांगलेल्या वहीत तारीख व वजन लिहीन.

दोन लेकरांची आई

तुम्ही चूक मान्य केलीत, हे बरे वाटले. तरीही ग्रामसभेत माझ्या माहेरची माणसे तुमच्या विरोधातच हात वर करतील, कारण माझे माहेर तुमच्याच गावात आहे आणि मी त्यांना तसे सांगितले आहे. तुम्ही एक पावसाळा वही भराल. दुसऱ्या पावसाळ्यात तुमची बदली झाली किंवा पाय मोडला तर सत्तर ग्रॅम कोण तोलणार? वर जाळी बसवून कुलूप लावा, पंप टाका आणि ते पाणी गुरांना व धुण्याला द्या, एवढ्याला माझी हरकत नाही. पिण्यासाठी मात्र मी घटकावरच जाणार आणि यापुढे कॅन नव्हे, तर घासता येईल अशी स्टीलची कळशी घेऊन जाणार.

पाच रुपये

कळशी घेऊन येणाऱ्यांनी कृपया गर्दीच्या वेळी येऊ नये. यंत्र वीस लिटर सोडूनच थांबते, एका कळशीत ते मावत नाही आणि उरलेले पाणी माझ्या पायावर येते. दोन कळश्या आणाव्यात.